अलंकारसरांचा रिकामा रकाना

आमच्या अलंकारसरांना साधं बोलणं साधेपणानं ऐकताच येत नसे. देवणीच्या शाळेत मधल्या सुट्टीत कुणी म्हणालं, "सर, पोटात कावळे ओरडायलेत," की सर लगेच विचारणार, "कोणता अलंकार?" बरोबर सांगितलं तर आपल्या डब्यातली अर्धी भाकर द्यायचे, चुकलं तरी द्यायचे. मग विचारायचे कशाला, हे मला कधीच कळलं नाही.

उपमा शिकवताना ते फळ्यावर चार रकाने आखत. उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द आणि दोघांत सारखा असलेला गुण, म्हणजे साधारण धर्म. "हे चार सापडले की कविता आपल्या खिशात," असं म्हणून ते खरोखरच खिशावर थाप मारायचे.

दहावीला कष्टकरी बापावरची एक कविता होती. 'वावरात बाप माझा राबे बैलाच्या परी' ही त्यातली ओळ. सरांनी झरझर बाप, बैल आणि परी लिहून टाकलं. "आता साधारण धर्म सांगा. लई सोपं हाय." सगळा वर्ग ओरडला, "राबणे!" सरांनी तेही लिहिलं.

माझा बाप सालगडी, वर्षाच्या बोलीवर मालकाच्या वावरात राबणारा. मला ते पटेना. मी उभी राहिले. "सर, जुळंना. बैलाला दुपारी सोडतेत, पेंड घालतेत, अंगावरून हात फिरवतेत. तवा माझा बाप वैरण तोडत असतो. पोळ्याला बैल उभा राहतो अन् बाप त्याला धुतो. मग सारखं काय हाय?"

बैलांच्या जातीसाठी नावाजलेल्या देवणीत बैलाचा विषय काढायचा म्हणजे वर्ग हातचा गेलाच. एक म्हणाला, "बैलाला चाबूक बी बसतो की." दुसरा उसळला, "आमच्यात न्हाई मारत!" त्या गोंधळात सरांनी चौथा रकाना पुसला आणि तसाच रिकामा ठेवला. तास संपल्यावर मला जवळ बोलावलं. "परीक्षेत 'राबणे'च लिही, माय. मार्क भेटतील. खरं काय, ते मला बी ठाऊक न्हाई."

पुढं मी मराठीची शिक्षिका होऊन किनवटकडच्या आश्रमशाळेत लागले. पेढे द्यायला गेले, तेव्हा सर निवृत्त झाले होते. पेढा हातात तसाच धरून म्हणाले, "माझा बाप बी सालगडी होता. 'बैलासारखा राबला' असं मी भाषणात सांगायचो, टाळ्या पडायच्या. तू बोललीस तवापासून कळंना, मी बापाला मोठं केलं का लहान केलं? त्यालाच विचारलं असतं, पर तो राहिला न्हाई." एवढा शिकलेला माणूस माझ्याकडून उत्तराची वाट बघत होता. मला फार वाईट वाटलं. मी पाणी प्यायले आणि निघाले.

मागच्या वर्षी सर गेले. देवणीच्या शाळेतल्या शोकसभेत अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "सर या शाळेसाठी बैलासारखे राबले." आमच्या वर्गातले आम्ही सगळे एकदम एकमेकांकडे बघायला लागलो. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "साधारण धर्म सांगा."

मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. उत्तर काही सुचलं नाही. सर असते, तर तरीही अर्धी भाकर दिली असती.