न हलणारे ठिपके

लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. माझ्या नवऱ्याचे शुक्राणू नुसत्या ठिपक्यांसारखे पडून होते. "जिवंत असतील, पण हलत नाहीत. औषध घालून पाहू," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यातले काही वळवळू लागले. मला हायसं वाटलं. नवरा मात्र खाली मान घालून बसला होता.

बाहेर आलो तोच सासूबाईंचा फोन आला. "काय निघालं रे तिच्यात?" मलाही ऐकू आलं. इतकी वर्षं उपास आणि काढे माझ्याच वाट्याला आले होते. साधी सर्दी झाली तरी आईला सांगणारा हा माणूस म्हणाला, "हिचे उपचार चालू आहेत, आई."

फोन ठेवून त्याने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.