सुभद्राबाईच्या पोत्यांवरची बाळं

मला प्रमाणपत्र मिळालंय, चांगलं चौकटीसकट. वर ‘उपक्रमशील शिक्षिका’ असं लिहिलंय, खाली दोन सह्या आहेत, शाल-नारळ वेगळा. नवरा बिचारा हौसेनं खिळा आणि हातोडी घेऊन आला, कुठल्या भिंतीला ठोकू म्हणाला, तर मी त्याच्यावर अशी खेकसले की तो तसाच परत फिरला. त्याला काय माहीत? ज्या कामाचं ते प्रमाणपत्र आहे ते काम मी केलंच नव्हतं. केलं होतं सुभद्राबाईनं. मी ते फक्त बंद पाडलं.

तर आधी सुभद्राबाई सांगते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा चाकणच्या पुढं, कारखान्यांच्या मागच्या अंगाला आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोनच, हेडसर आणि मी. मी दिघीहून दोन बस बदलून येते. सुभद्राबाई शाळेत खिचडी शिजवायची. बाई इथलीच, जुन्या शेतकरी घरातली. कारखाने आले, जमिनी गेल्या, भावकीनं तिमजली इमारती उठवून खोल्या भाड्यानं लावल्या. हिचा नवरा त्याआधीच गेलेला, कागदावर हिचं नाव कुठंच नाही, म्हणून हिच्या वाट्याला शाळेचं पातेलं आलं. त्यावरून ती रडलेली मी कधी पाहिली नाही. शिव्या मात्र सढळ हातानं द्यायची. भावकीला द्यायची, कंपन्यांना द्यायची, पेटत नसलेल्या शेगडीला द्यायची आणि मनात आलं तर मलाही. “बाई, जरा हळू शिकवा की. तुमी वरडला की हितं माजी डाळ उतू जाती,” असं शेडमधून ओरडायची, आणि अख्खा वर्ग खो खो हसायचा.

आमच्या वर्गातली निम्मी पोरं त्या भाड्याच्या खोल्यांमधली. कुणी नांदेडचं, कुणी हिंगोलीचं, कुणी बिहारचं. आई-बाप दोघंही कंपनीत. आईची पहिली शिफ्ट असली की ती पहाटेच बाहेर पडणार, आणि घरात तान्हं असलं की मोठ्या बहिणीनं ते सांभाळायचं. बहिणीनंच हां. बाळासाठी भाऊ घरी थांबलाय असं सोळा वर्षांच्या नोकरीत मी एकदाही पाहिलं नाही. अंगणवाडी घेते ती तीन वर्षांपुढची पोरं. मग या पोरी आठवड्यातून दोन दिवस यायच्या आणि बाकीचे दिवस गैरहजर. मी पालकांना चिठ्ठ्या धाडायची, मीटिंगा घ्यायची, शिक्षणाचं महत्त्व सांगायची. डोंबलाचं महत्त्व! त्या आयांना काय ते कळत नव्हतं?

चौथीतली आम्रपाली त्यातलीच. काडीसारखी पोर, कमरेवर सहा महिन्यांचा भाऊ, त्याचं नाव संघर्ष. गेल्या जूनमध्ये ती मधल्या सुट्टीला फक्त खिचडीपुरती यायची आणि डबा भरून परत निघायची. एक दिवस सुभद्राबाईनं तिला दारातच अडवलं.

“काय गं अमरे, खिचडीला बरी वेळंवर येती. आन् पुस्तक कुणी वाचायचं, मी?”

“लेकरू हाय ना, मावशी.”

“मंग दे की हिकडं. त्ये काय वाघ हाय व्हय खायला?”

आणि तिनं पोर घेतलंच. शेडच्या ज्या बाजूला शेगडी होती तिथं, कुणी रांगत तिकडं जाऊ नये म्हणून, आडवा बाक टाकला. पलीकडच्या कोपऱ्यात तांदळाची रिकामी पोती धुऊन, वाळवून, एकावर एक घातली, वर आपलं जुनं लुगडं अंथरलं, त्यावर संघर्षला झोपवलं. महिन्याभरात त्या पोत्यांवर सात बाळं झाली. दोघांसाठी तर तिनं आढ्याला झोळीसुद्धा बांधली. एका हातानं कांदा चिरणार, पायानं झोळीची दोरी ओढणार. तिची जाऊ छबूबाई कुंपणापलीकडून नाक मुरडायची, “कुनाकुनाची लेकरं मांडीवं घेती गं! जातीपातीचं काय भान हाय का न्हाई?” त्यावर सुभद्राबाई पळी दाखवून म्हणायची, “भूक लागली की समदी सारखीच बोंबलत्यात. ये, तू वळखून दाव कोन कुनाचं हाय त्ये!”

सकाळी मी हजेरी घ्यायची. “आम्रपाली?” की “हजर, बाई!” वर्गाची हजेरी संपली की शेडमधून हिची हजेरी सुरू. “संगू? हाय. मुन्नी? हाय. बिहारी? ह्यो बगा, हागला पन हाय.” हेडसरसुद्धा येता-जाता झोळीला झोका द्यायचे. द्यायचेच! मी डोळ्यांनी पाहिलंय. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आम्रपाली खिडकीशी बसायची, शेडच्या बाजूच्या. सात बाळांतून आपल्या भावाचं रडणं तिला बरोबर ओळखू यायचं. सुरुवातीला दर रडण्याला उठायची. मग आतून आवाज यायचा, “बस गं तू! म्या मेली न्हाई अजून.” हळूहळू ती उठेनाशी झाली. आणि पोर अशी सुटली म्हणता! जूनमध्ये जिला वजाबाकी येत नव्हती ती गणपतीनंतर भागाकाराला भिडली. ऑक्टोबरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, पत्र्याखाली, बाकीची पोरं पेंगायची आणि ही बाकी शून्य आली की पेन्सिल हवेत नाचवायची. सहामाहीला गणितात वीसपैकी सतरा पडले. मी पेपर दाखवला तेव्हा ती तो घेऊन आधी घरी नाही, शेडमध्ये पळाली. सुभद्राबाईला अक्षर येत नाही. तिनं पेपर उलटा धरून बघितला आणि म्हणाली, “ब्येस हाय. पन उरलेलं तीन कुटं सांडलं?”

आता माझं शहाणपण ऐका.

आमच्या खात्यात काहीही चांगलं घडलं की त्याची ‘यशोगाथा’ लिहून पाठवायची असते. फोटोसकट. मला वाटलं, बाईचं नाव व्हावं. कुणीतरी वरून येऊन तिची पाठ थोपटावी. कपाळ माझं! मी रात्री जागून दोन पानं लिहिली. ‘लहान भावंडांच्या संगोपनामुळे विद्यार्थिनींची खंडित होणारी उपस्थिती’ वगैरे. फोटो काढला तो झोळीत दोन, पोत्यांवर पाच बाळं आणि मध्ये पदर खोचून हसणारी सुभद्राबाई. मागं शेगडी, तिच्यावर वाफाळतं पातेलं. मला तो फोटो फार गोड वाटला होता. बाक तिच्या आणि पोरांच्या आड झाकला गेला. आडवा टाकलेला तो बाक माझ्या फोटोत दिसलाच नाही.

आधी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे आले, टाळ्या आल्या. मग तो फोटो तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला. आणि पहिलं सत्र संपायच्या दिवशी पत्र आलं. पेटत्या शेगडीजवळ तान्ही बालकं ठेवणं ही अत्यंत गंभीर बाब असून तीन दिवसांत खुलासा करावा. यापुढं शाळेच्या आवारात लहान बालक आढळल्यास कारवाई होईल. संबंधित स्वयंपाकीस तात्काळ कमी करावं.

हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. त्यांनी खुलासा सांगितला आणि मी लिहून घेतला. ‘सदर प्रकार स्वयंपाकी यांनी परस्पर केला असून शाळेस त्याची कल्पना नव्हती.’ फोटो मीच पाठवला होता, पण वर ताडून बघतंय कोण?

“सर, अहो, झोका तुम्ही द्यायचात,” मी म्हणाले.

“बाई, तुमच्या लेकीची फी तुम्हाला भरायचीय ना? करा सही.”

मी सही केली. कुणी माझा हात धरून करवली नाही.

सुभद्राबाईला सांगायला मीच गेले. ती पातेलं घासत होती. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्यांचा भडिमार होणार. झाला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “बाक दावायचा व्हता, बाई.” मग पोती झटकून घडी घातली, लुगडं काखेत मारलं आणि निघून गेली. खुलाशात काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली. आता दुसरी बाई खिचडी करते, शेडला आतून कडी लावून. पहिल्या दिवशी सात पोरींपैकी एकटी आम्रपाली आली. दोन दिवस मी तिला भावाला घेऊन वर्गात बसवलं, तर हेडसर दारात उभे, “बाई, आवारात म्हटलंय पत्रात, आवारात. मला पेन्शन घेऊ द्याल का?” तिसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

चौथ्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले. दाराला बाहेरून कुलूप. परतणार, तोच खिडकीतून आवाज आला, “बाई!” गजांमागं आम्रपाली, कमरेवर संघर्ष. आई अंजली पहाटेच कंपनीत गेलेली, बाप तळेगावला साइटवर, रविवारी येणारा. आई हल्ली बाहेरून कुलूप लावून जाते, कारण चाळीत दिवसभर कोण येतं आणि कोण जातं याचा पत्ता नाही. त्याच रविवारी मी अंजलीला गाठून बोलले. ती माझ्यावर चिडलीसुद्धा नाही. “काय करू मंग, बाई? लेकरू घिऊन कंपनी आत सोडती का? त्या मावशी होत्या तर माझं मन लागायचं कामात. त्यांना का काढलं तुमी?” मी म्हणाले, वरून आदेश आला.

पण मी त्या चौथ्या दिवसाचं सांगत होते. आम्रपालीनं गज घट्ट धरले आणि म्हणाली, “बाई, मला गैरहजर लावू नका हां. मी कुठं गेले नाही. मी हितंच हाय.”

“नाही लावत,” मी म्हणाले.

आणि शब्द पाळायला मला काडीचा त्रास झाला नाही. कारण त्याच आठवड्यात तालुक्याहून फोन आला, माझी यशोगाथा निवडली गेलीय. पत्र काढणारं टेबल वेगळं आणि प्रमाणपत्र देणारं वेगळं, एकाच इमारतीत. कुणी कुणाला विचारलेलं नाही. हेडसर मला म्हणाले, “उपस्थितीसाठी सत्कार होतोय तुमचा. आता टक्का खाली आला तर शोभा होईल. लावा सगळ्यांना हजर.” मी लावलं. आम्रपालीला दिलेल्या शब्दासाठी लावलं की सत्कारासाठी, हे मला विचारू नका. त्या हजेरीमुळं शाळाबाह्य मुलांच्या यादीत तिचं नाव गेलं नाही, आणि तिला शोधायला कुणी येणार नाही, हे मला लावतानाच कळत होतं.

सत्कार झाला. व्यासपीठावर माझा तो फोटो मोठा करून लावला होता. शेगडीचा भाग कापून.

गेल्या आठवड्यात चौकात बसची वाट बघत होते, तर मागून हाक आली, “बाई, वाळलासा की वो!” सुभद्राबाई. डोक्याला जाळीची टोपी, अंगात निळा कोट. एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. कॉन्ट्रॅक्टवर, उभ्यानं, आठ तास. पाय सुजले होते. माझ्याबद्दल तिच्या मनात काही असेल तर तिनं दाखवलं नाही. तिनं एकच विचारलं.

“अमरी येती ना शाळंत?”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, “येते की. रोज हजर असते.”

“हां!” तिचा चेहरा असा फुलला! “मंग झालं. संगूला कोन बगतं?”

“बघते कुणीतरी.”

तिनं पिशवीतून एक लोकरीची कानटोपी काढली. लाल, गोंडा लावलेली. संघर्षसाठी स्वतः विणलेली. “थंडी पडाय लागली. अमरीपाशी द्या. आन् सांगा तिला, त्ये तीन मार्क कुटं सांडलं त्ये हुडकून ठिव म्हनावं.” तिची बस आली. चढताना तिला दांडी धरून क्षणभर थांबावं लागलं, मग ती चढली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी टोपी घेऊन गेले. कुलूप होतंच, अंजली ओव्हरटाइमला. मी खिडकीच्या गजांतून टोपी आत दिली. आम्रपालीनं ती भावाच्या डोक्यावर चढवली, गोंडा सारखा केला. त्याला खाली जमिनीवर बसवलं. मग मला विचारलं,

“बाई, आज मला हजर लावलं?”

“हो गं. रोज लावते.”

ती खूश झाली. आत पळाली, दप्तरातून गणिताची वही काढली, खिडकीशी येऊन बसली आणि सहामाहीनंतरचं पहिलं कोरं पान उघडलं.

“मग आज मी काय शिकले?”

पेन्सिल हातात धरून ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.