लाईन थांबू नये म्हणून

डॉक्टरांनी थुंकीचा कल्चर रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे ‘आर’. आर म्हणजे रेझिस्टंट. माझ्या फुप्फुसातला जंतू, नाव स्यूडोमोनास, त्या औषधांना दाद देत नव्हता.

“तुमचे जंतू बरेच शिकलेत,” डॉक्टर म्हणाल्या. “आधी कुठल्या गोळ्या घेतल्या?”

सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. मी महाळुंग्याच्या एका वायरिंगच्या कंपनीत लाईन सुपरवायझर आहे. एक बाई गैरहजर राहिली की पुढची सगळी टेबलं अडतात. म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये अँटिबायोटिकच्या पट्ट्या असायच्या, घरोघरच्या उरलेल्या. कुणी खोकली की दोन गोळ्या. बरं वाटलं की बंद. बायका मला कौतुकाने ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायच्या. माझा खोकलाही मी आठ महिने असाच ढकलला.

“ड्रॉवरमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण त्याने मदतही केली नाही.”

स्कॅनमध्ये ब्राँकिएक्टॅसिस निघालं. म्हणजे श्वासनळ्या सैलावून त्यात कफ साचत राहणं. पिंपरीच्या हॉस्पिटलात दोन आठवडे इंजेक्शन घेतलं, लागू पडणारं ते एकच. त्याने किडनीला धोका, म्हणून दर दोन दिवसांनी रक्ततपासणी. ताप उतरला. घरी आले, तर पुन्हा चढला.

तेव्हा डॉक्टरांनी मॅक्रोफेजबद्दल सांगितलं. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्याच पेशी. स्टेम सेल, म्हणजे कशातही घडवता येणाऱ्या कच्च्या पेशी, त्यांच्यापासून हल्ली प्रयोगशाळेत मॅक्रोफेज वाढवतात आणि थेट फुप्फुसात सोडतात. औषधाला न जुमानणारा जंतूही त्या गिळू शकतात.

“मग द्या की.”

“उंदरांना दिल्यात. तुम्हाला आज देता येणार नाहीत.”

आयुष्यात पहिल्यांदा उंदरांचा हेवा वाटला.

नवऱ्याने फोनवर एक सेंटर शोधलं. ‘स्टेम सेलने नवं फुप्फुस.’ “विचारायला काय जातंय?” म्हणाला. मीही जायला तयार होते. डॉक्टरांना विचारलं.

“आज जो तुम्हाला हे विकेल,” त्या म्हणाल्या, “त्याच्याकडे ते नसणारच.”

सेंटरला गेलो नाही. ताप हटेना, तेव्हा ऑपरेशन करून डाव्या फुप्फुसाचा खराब झालेला खालचा भाग कापून काढला. मी वाचले. दुसऱ्या मजल्यावर जाताना आता मध्ये थांबावं लागतं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी माझ्यासारखं खोकत असेल, तर आधी थुंकी तपासा, मग गोळी. आणि कोर्स पुरा करा. त्या पेशी येतील तेव्हा येतील.

डॉक्टरांचे उपकार आहेत. त्यांनी मला खोटी आशा दिली नाही.

कामावर रुजू झाले त्या दिवशी माझ्या लाईनवरची सुनीता खोकत आली. “ताई, दोन गोळ्या द्या ना, शिफ्ट काढते कशीबशी.”

ड्रॉवर मी सकाळीच रिकामा केला होता.

“दवाखान्यात जा. आत्ता.”

“अन् माझं टेबल?”

“मी बसते.”

बसले. माझा हात तिच्याइतका चालत नाही. मागे वायरींचा ढीग लागला, लाईन थांबली. मॅनेजर येऊन ओरडला. उलटून ओरडण्याइतका श्वास माझ्याकडे उरलेला नाही. मी पुढची वायर उचलली.