बठ्ठी शे, फक्त दिखत नही

'मेल्या' म्हटल्याशिवाय मी माझ्या धाकट्या भावाला कधी हाक मारली नाही.

गेलं वर्षभर तो शब्द तोंडातून निघत नाही.

आज भिकनचं वर्षश्राद्ध झालं.

देवपुरात आमचं दोघा भावंडांचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. सर्व्हर बसवायचा तो, गिऱ्हाइकांशी भांडायचं मी. अशी आमची वाटणी.

एरंडोलजवळच्या एका डाळ मिलमध्ये त्याने सर्व्हर बसवला. दुसऱ्याच दिवशी शेठजींचा फोन. "ताई, मेमरी निम्मीच दाखवतोय. बाकीची कुठे गेली?"

आम्ही पोचेपर्यंत शेठजींनी झाकण उघडून रॅमच्या स्टिक मोजूनसुद्धा ठेवल्या होत्या. "आम्ही तुरीचं पोतंपण वजन करून घेतो, ताई!"

अस्सा राग आला मला. "मेल्या, काय घोळ घातलास?"

हा आपला हसतोय.

"शेठ, तुमच्या गाडीला चाकं किती?"

"चार."

"पाच. पाचवं डिकीत शे!"

मग नीट सांगितलं. सर्व्हरला मिररिंग लावलंय. एका स्टिकमध्ये जे लिहिलं जातं, तेच जोडीच्या दुसऱ्या स्टिकमध्येही लिहिलं जातं. म्हणून सिस्टिमला निम्मीच मेमरी दिसते. पण उद्या एखादी स्टिक गेली, तरी दुसरीवर काम चालू राहतं. ऐन सीझनमध्ये मिल थांबत नाही.

"बठ्ठी शे शेठ, सगळीच्या सगळी, फक्त दिखत नही."

शेठजी खूश. चहा आला, वर शेवपण आली.

आणि स्वतःच्या छातीत दुखायचं, ते?

"अ‍ॅसिडिटी शे, अक्का." एवढंच म्हणायचा. तेही कुणाला दिसू दिलं नाही. याचा माझा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

तो गेल्यावर जो तो म्हणाला, दुकान बंद कर, सर्व्हरमधलं तुला काय कळतं? मलाही तेच वाटायचं. सगळं तोच घेऊन गेला, माझ्याकडे नुसतं भांडण उरलं. 'दुकान भाड्याने देणे आहे' असा बोर्ड पेंटरला सांगूनसुद्धा टाकला होता.

गेल्या महिन्यात पारोळ्याहून एका डॉक्टर मॅडमचा फोन आला. "नवीन सॉफ्टवेअरवाला म्हणतोय, सर्व्हरची मेमरी निम्मीच दिसते. भिकनभाऊंना पाठवता का?"

त्यांना माहीतच नव्हतं. मला फोनवर सांगवेना. म्हटलं, मीच येते.

मशीन रिस्टार्ट केलं, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेले. आधी मशीनने सगळ्या स्टिक ओळखल्यात का ते पाहिलं. ओळखल्या होत्या. मग मेमरीची सेटिंग उघडली. मिररिंग ऑन. त्यानेच केलेलं.

मॅडम काळजीने विचारत होत्या, "खराब झाली का हो?"

आणि माझ्याच तोंडून निघालं, "मॅडम, तुमच्या गाडीला चाकं किती?"

"चार."

"पाच..."

भडभडून आलं. त्यांनी पाणी दिलं, तेव्हा कुठे सांगितलं, की भिकन गेला.

इतकी वर्षं तू शेजारी बसून बडबडत होतास, मी तुला शिव्या घालत होते. आणि तुझ्यात लिहिलेलं सगळं माझ्यातही लिहिलं जात होतं की रे.

घरी येताना पेंटरला फोन केला. बोर्ड नको म्हटलं.

मेल्या, दुकान चालू शे.

तू आता निवांत ऱ्हाय.