पेजेची घाई

धानोऱ्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर उत्तर देण्याआधी चष्मा पुसत, त्यामुळे त्यांचं 'हो'सुद्धा उशिरा येई. मी तिथे नर्स होते. हिवतापाने बेशुद्ध पडलेल्या एका बाईला नाकातून नळी घालून पेज द्या, म्हणून तिचा नवरा दोन दिवस मागे लागला होता. मलाही तेच वाटे.

"उपाशी मारून राह्यले काय तिले?" तो ओरडला.

कंपाउंडरांनी चष्मा पुसला. "आता पेज देली तं उलटून छातीत जाईन, भाऊ. मागं एकदा मी घाई केली. तो माणूस वाचला नाई."

तिसऱ्या दिवशी ती बेशुद्धीतच खोकली; म्हणजे काही छातीत जाऊ लागलं, तर ते आता खोकून बाहेर टाकता येणार होतं. तेव्हा कुठे त्यांनी नळीतून थोडी पेज सोडली आणि ते तिचं डोकं उचलून धरून बसले.

ती वाचली. नवरा पाया पडायला वाकला.

"नको," ते थकून म्हणाले. "मले तरी कुठी माहीत होतं, थांबनं बरोबर हाय का नाई?"