संघमित्राला न्यायला मेडशीला

अकोल्याच्या स्टँडवर मी वाशीमच्या गाडीत चढले तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोड कपडे आणि चिपळूणच्या बाजारातले सोडे (सुकवलेली, सोललेली कोळंबी) होते. डोक्यात एकच बेत होता. मेडशीला राहणाऱ्या संघमित्रा नावाच्या माझ्या मैत्रिणीला पटवायचं आणि पुन्हा मालदीवला घेऊन जायचं.

तिथल्या एका एवढ्याशा बेटावरच्या शाळेत आम्ही तिघी शिकवायला होतो. मी इंग्रजी, केरळची लिसी विज्ञान आणि वऱ्हाडातली संघमित्रा गणित. बेट इतकं लहान की रागावून फिरायला निघावं तर राग उतरायच्या आत पुन्हा आपल्याच दारात. त्यामुळे भांडणं परवडायची नाहीत. तिघींत एक स्वयंपाकघर होतं. शाळेत एकीचा तास दुसरीनं मागच्या बाकावर बसून बघायचा आणि मग दोन चांगल्या गोष्टी आणि एक सूचना सांगायची, अशी पद्धत होती. ती आम्ही घरीही आणली. लिसीच्या कालवणाचं निरीक्षण संघमित्रा गंभीर चेहऱ्यानं करायची, "रंग चांगला हाये. गरम हाये. सूचना, याच्यात मासा टाकत जाय."

करार संपला आणि तिघी आपापल्या घरी आलो. शाळेनं आम्हाला पुन्हा बोलावलं. लिसी मात्र बहिणीकडे कॅनडाला निघाली. संघमित्रा फोनवर नुसतं "पाहू" म्हणायची. शाळेला उत्तर द्यायची वेळ जवळ आली, तेव्हा मी थेट निघाले.

पातूरच्या घाटात गाडी वळणं घ्यायला लागली, दुतर्फा सागाची झाडं दिसू लागली आणि त्याच सुमारास माझ्या सोड्यांनी आपण गाडीत असल्याचं जाहीर केलं. शेजारच्या आजींनी नाकाला पदर लावला.

"कायचा वास येऊन राह्यला वं, बाई?"

"कोकणातली भेट आहे, आजी. मेडशीच्या मैत्रिणीसाठी."

आजींनी विचार केला. "काही चुकलं काय तिचं?"

कंडक्टरसकट सगळी गाडी हसली. घाट संपल्यावर रान मोकळं झालं. सोयाबीन पिवळं पडून सोंगणीला (कापणीला) आलेलं, मध्येमध्ये तुरीच्या हिरव्या ओळी. डोळ्यांना समुद्राची सवय असलेल्या माणसालाही बरं वाटावं इतकं ते मोठं होतं.

मेडशीच्या फाट्यावर संघमित्रा स्कूटर लावून उभी होती. मिठी मारायच्या आधी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय वं मेधा, वाळली तू. घरचे जेवाले देत नाईत काय?" माझं वजन वाढलं होतं आणि ते तिला नीट दिसत होतं.

घरी तिच्या सासूबाई आणि नवरा प्रदीप वाट पाहत होते. मी "नमस्कार" म्हटलं, त्या "जय भीम" म्हणाल्या. मी घाईनं "जय भीम" म्हणेपर्यंत त्यांनी हसून "नमस्कार" म्हटलं होतं. संघमित्राला यायला हीच माणसं अडवत असणार, असं मी प्रवासभर ठरवून टाकलं होतं. पण रात्री सासूबाईंनी माझे सोडे वांग्यात घातले आणि मिटक्या मारत खाल्ले. शत्रुपक्ष इतका प्रेमळ निघाला की लढणं अवघड होऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी वावरात (शेतात) रोडग्यांचा बेत होता. रोडगा म्हणजे घट्ट कणकेचा, आत पदर असलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. सोबत गंजभर (पातेलंभर) झणझणीत वांग्याची भाजी. मी मोठ्या उत्साहानं निखाऱ्यातला रोडगा हातानंच उचलला आणि तितक्याच उत्साहानं टाकला. "मालदीवले हात भाजाची सवय नाई लागली वाटते," प्रदीप म्हणाला.

जेवण होत आलं तसा मी घसा साफ केला आणि तयार करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. तिच्यासारखं गणित तिथं कुणी शिकवत नाही. मुलं तिची वाट बघतात. अशी संधी पुन्हा येत नाही. तुम्ही घरचं सांभाळलंत तर तिचं आयुष्य घडेल. बोलताना माझं सगळं लक्ष सासूबाईंकडे होतं.

त्या चकित झाल्या. "आमी कुठं नाई म्हनलं, बाई? माह्यं तं रोजचंच हाये, जाय म्हनून."

"मी तं पासपोर्टबी काढला," प्रदीप म्हणाला. "मले बेट पाहाचं हाये."

माझा घास हातातच राहिला. संघमित्रानं शांतपणे हात धुतले.

"आता माह्यं निरीक्षण आयक. एक, तयारी चांगली केली. दोन, आवाज मागच्या बाकापावतर पोचला, पल्याडच्या वावरातले बी आयकत होते. सूचना, तू चुकीच्या वर्गाले शिकवलं."

"म्हणजे?"

"मले कोनी अडवलं नाई, मेधा. मलेच जाचं नाई. मले ते बेट पाहाचं होतं, पाहून झालं. इथल्या शाळेत शिकवून राह्यली मी, मले इथं करमते. तुले एकटीले जाची भीती वाटते. तं तसं म्हन ना. पोराइच्या गणिताले कायले मंधात आनतं?"

मला आधी राग आला आणि मग रडू आलं, कारण ते खरं होतं. मला समुद्राची भीती नव्हती, कामाची नव्हती. शाळा सुटल्यावर खोलीचं दार उघडेन आणि आत कुणीच नसेल, याची भीती होती. मी ते मोठ्यानं म्हटलं. सासूबाईंनी माझ्या रोडग्यावर आणखी तूप ओतलं. "खाय आधी. रडाले ताकद लागते."

"तुह्यासाठी आली तं मी रोज तोंड पाडून बसन," संघमित्रा म्हणाली. "मंग तूच म्हनशीन, कायले आनलं हिले. आन एक सांगू? आपली दोस्ती तुह्यामुळं नाई झाली. मी आन लिसी आलो होतो तुह्या दाराशी. तू तं कडी लावून बसली होती. या वक्ती तू जाय कोनाच्या दाराशी."

फाट्यावर तिनं मला तुरीच्या डाळीची पिशवी दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहिली. आम्ही दोघीही रडलो नाही, कारण आजूबाजूला तिचे विद्यार्थी होते. अकोल्याला रेल्वेत बसले आणि शाळेला कळवून टाकलं, येते, एकटीच येते. मैत्रिणीला परत आणायला गेले होते, आणि परतताना ती सोबत नव्हती, तरी रिकाम्या हातानं आल्यासारखं वाटत नव्हतं. तिनं मला नाही म्हटलं आणि ते किती मायेनं म्हटलं, हेच गाडीत पुन्हा पुन्हा आठवत होतं.

हे लिहितेय ते बेटावरून. शेजारच्या खोलीत तामिळनाडूची नवी शिक्षिका आली आहे. शाळेतून आली की आतून कडी लावते. तिच्या दारापर्यंत जाऊन मी कितीदा तरी परत फिरले. काल शेवटी दार वाजवलं. तिनं उघडलं, डोळे सुजलेले होते. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मीठ आहे का विचारलं. मीठ माझ्याकडे भरपूर होतं. ती आणायला आत वळली, आणि मी न विचारताच तिच्या खुर्चीत जाऊन बसले.