पालथी टोपली

आईची जुनी बांबूची टोपली म्हणजे आमच्या सोनी मांजरीचं अंथरूण. आता तीच टोपली दिसली की ती कपाटाखाली शिरते. मी टोपलीपासून हातभर अंतरावर सुकट ठेवायला सुरुवात केली, आणि रोज ती बोटभर जवळ सरकवते. आज तिनं काठावर एक पंजा ठेवला, वास घेतला आणि मागे फिरली.

चूक माझीच. आई गेली त्या दिवशी दिव्याशेजारी पीठ पसरून त्यावर हीच टोपली पालथी घातली होती. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं, ते पिठावरच्या पावलावरून कळतं म्हणतात. सोनी आपली जागा शोधत टोपलीखाली घुसली. "अगं, हाकल तिला! पीठ विस्कटलं सगळं!" मावशी ओरडली, आणि मी टोपली उचलून सोनीच्या अंगावर फेकली.

माणसाचा राग ओसरतो, पण वस्तूला चिकटून राहतो. सुकटीनं तो किती दिवसांत सुटेल, कोण जाणे.

त्या विस्कटलेल्या पिठावर एकच पाऊल स्पष्ट उमटलं होतं, सोनीचं. ते मी हातानं पुसून टाकलं, आणि आईच्या पावलाची वाट पाहत बसले.